फादर चुकले, हे धरलं तरी

पत्र थोडक्यात असं: वाचक नागपूरचे, वय ४६, कॅथलिक, घरात बोलणं मराठीत. शहराबाहेरच्या एका खासगी कारखान्यात तोफगोळ्यांची पोलादी कवचं बनतात, तिथे तपासणी खात्यात ते सुपरवायझर आहेत. वडील सरकारी आयुधनिर्माणीत होते. १९७१ च्या लढाईच्या वेळच्या डबल ड्युट्यांच्या गोष्टी ते मरेपर्यंत अभिमानानं सांगायचे. यंदा लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, एका रविवारी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) नव्या, तरुण फादरांनी प्रवचनात सांगितलं, ‘आता कुठलंच युद्ध न्याय्य नसतं, असं पोप फ्रान्सिस सांगून गेलेत. शस्त्रांवर ज्यांची चूल पेटते त्यांनी आपल्या ताटात काय वाढलंय ते बघावं.’ पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून यांच्याकडे पाहिलं. मिस्सा संपल्यावर पोर्चमध्ये यांनी फादरांना गाठलं आणि ‘स्वसंरक्षणाला चर्चची मान्यता आहे’ एवढंच म्हटलं. उत्तर आलं, ‘चर्चला चर्चची शिकवण शिकवू नका.’ त्यानंतर नऊ रविवार हे चर्चला गेलेले नाहीत. बायको मुलीला घेऊन जाते; मुलीचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) याच वर्षी आहे. फौजेतून निवृत्त झालेले मेहुणे कामठीला राहतात. त्यांचं म्हणणं, ‘युद्धावर पोपचं मत म्हणजे नुसतं मत. इराकच्या वेळी अमेरिकेतल्या कॅथलिकांनी कुठं ऐकलं?’ वाचक विचारतात: फादरांशी, म्हणजे एका अर्थी पोपशीच, न पटवून घेता मी कॅथलिक राहू शकतो का? नोकरी सोडू का? मुलीला काय सांगू? आणि खाली ता. क.: ‘दोन वर्षांपासून आमचा माल बाहेरच्या देशांतही जातो. कुठे, ते आम्हाला सांगत नाहीत.’

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ता. क. पासून वर वाचत गेले. तिकडे येतेच, पण आधी माझं सांगते. मी कॅथलिक नाही. सदर भागातल्या एका मिशनच्या शाळेत सत्तावीस वर्षं इतिहास शिकवला. (सदरमध्ये राहून सदर लिहिते, हा विनोद आमच्या घरात चावून चोथा झालाय.) स्टाफरूममध्ये एक सिस्टर होत्या, त्यांच्याशी युद्ध आणि धर्म या विषयावर मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही नसेन. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याशेजारी एक कागद ठेवलेला असायचा, त्यावर परिच्छेदाचा क्रमांक आणि खाली एक ओळ: ‘वाचून मग बोला.’ आज तेच मी तुम्हाला करणार आहे.

तुमचा पहिला प्रश्न तुम्हाला सगळ्यात मोठा वाटतोय. मला तो सगळ्यात सोपा वाटतो.

फादरांनी ज्याचा हवाला दिला तो मजकूर पोप फ्रान्सिस यांच्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या ऑक्टोबर २०२० च्या पत्रात आहे, २५८ व्या परिच्छेदात. तिथे लिहिलंय की पूर्वीच्या शतकांत तयार झालेले निकष लावून आज ‘न्याय्य युद्धा’ची शक्यता बोलून दाखवणं फार अवघड झालंय. अवघड. अशक्य नव्हे. त्याच परिच्छेदात कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा, उल्लेख आहे, कडक अटी पाळून सशस्त्र संरक्षण करता येतं हेही नमूद आहे, आणि लगेच इशारा आहे की या हक्काचा अर्थ हवा तसा ताणणं फार सोपं असतं. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये, कझाकस्तानहून परतताना विमानात पत्रकारांनी युक्रेनला शस्त्रं देण्याबद्दल विचारलं, तेव्हा हेच पोप म्हणाले की स्वतःचा बचाव करणं गैर तर नाहीच, उलट ते देशप्रेम आहे. शस्त्रं पुरवणं नीतीला धरून असू शकतं. पण आणखी युद्ध पेटवायला, नुसती विक्री करायला किंवा जुना साठा खपवायला पुरवली तर ते अनीतीचं.

म्हणजे प्रवचनात अर्धंच आलं. पण म्हणून पेढे वाटायला निघू नका. जे आलं तेही पोपचंच आहे. त्याच परिच्छेदाच्या तळटीपेत, संत ऑगस्टीन यांनी मांडलेली न्याय्य युद्धाची कल्पना आज आपण उचलून धरत नाही, असं स्वच्छ लिहिलंय. ऑगस्टीन म्हणजे पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे, या सगळ्या विचाराचं मूळ. त्यानंतर तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्याला तीन अटींत बसवलं: लढाई पुकारणारा राज्याचा अधिकारी असावा, कारण न्याय्य असावं, हेतू शुद्ध असावा. सोळाशे वर्षांची ही वाट आहे आणि २०२० साली तिच्यावर पोपनी ‘पुढे रस्ता खचलेला आहे’ अशी पाटी लावली. पाटी लावणं वेगळं, रस्ता उखडून टाकणं वेगळं. पण पाटीकडे काणाडोळा करून गाडी दामटणंही शहाणपणाचं नाही.

आता अधिकाराचं. फादरांचं रविवारचं प्रवचन, बिशपांचं पत्र, पोपचं पत्र, जगभरच्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेचा दस्तऐवज, या सगळ्यांना तुमच्या चर्चमध्ये एकच वजन नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असायला हवं. शिवाय तत्त्व एक आणि ते अमुक एका प्रसंगाला लावणं दुसरं. निरपराधाला जाणूनबुजून मारू नये, हे तत्त्व. त्यात सवलत नाही. अमुक देशानं तमुक दिवशी सुरू केलेली लढाई अटींत बसते का, हा तारतम्याचा निर्णय. १९८३ साली अमेरिकेतल्या बिशपांनी अण्वस्त्रांवर मोठं पत्र लिहिलं, त्यात त्यांनीच सांगून ठेवलं की तत्त्वं जशी बांधील करतात तशी आमची प्रत्येक प्रसंगावरची मतं करत नाहीत; प्रामाणिक माणसं तिथे वेगळं मत देऊ शकतात. २००४ मध्ये कार्डिनल रात्सिंगर, जे पुढच्याच वर्षी पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, त्यांनी अमेरिकेतल्या बिशपांना कळवलं की गर्भपात आणि दयामरण यांवर कॅथलिकांत दोन मतं चालणार नाहीत, पण युद्ध पुकारावं का आणि फाशी द्यावी का यावर असू शकतात.

आमच्या नागपुरात हा भेद समजावून द्यायला रोमपर्यंत जायची गरज खरं तर नाही. तुमच्या खात्यात दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारे सहकारी असतीलच, त्यांना विचारा. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असं बाबासाहेबांनी मांडलंय. नियम माणसाला विचार करू देत नाही. तत्त्व विचार करायला लावतं. तुमच्या फादरांनी पोपच्या तत्त्वाचा नियम केला, इतकंच झालंय.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, राहू शकता. नऊ रविवार घरी बसायचं कारण नव्हतं.

आता मेहुण्यांकडे वळू. त्यांचा दाखला खरा आहे आणि तो त्यांच्याच अंगावर येतो. १३ जानेवारी २००३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी निरनिराळ्या देशांच्या राजदूतांपुढे सांगितलं होतं की युद्ध टाळता येत नाही असं नसतं, आणि युद्ध हा नेहमीच मानवजातीचा पराभव असतो. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी कार्डिनल पिओ लागी यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे धाडलं. उलट मायकेल नोव्हाक यांच्यासारखे कॅथलिक विचारवंत फेब्रुवारीत रोमला जाऊन इराकवरचं युद्ध न्याय्य कसं आहे ते पटवत होते. त्यांना कुणी चर्चबाहेर काढलं नाही. मार्च संपायच्या आत युद्ध पेटलं. ज्या महाविनाशक शस्त्रांसाठी ते झालं ती मिळालीच नाहीत, आणि त्या देशाची पुढे काय दैना झाली ती आपण टीव्हीवर बघितलीच.

मतभेदाची मुभा त्यांना होती. म्हणून त्यांचं मत बरोबर होतं असं नाही. मेहुणे या दोन गोष्टी एकाच वाक्यात उरकून टाकतात, आणि मला वाटतं तुम्हीही तेच करू पाहताय. फादर चुकले, म्हणजे माझं बरोबर. अहो, फादर चुकलेत हे धरलं तरी तुमचं तपासायचं राहतंच.

तुम्ही पत्रात एक फार सुरेख लिहिलंय. तोफगोळ्याच्या टोकाशी फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) बसतो तिथले आटे तपासायला तुमच्या हातात गेज असतो. एका टोकाला हिरवी खूण, दुसऱ्याला लाल. हिरवं टोक सहज फिरत आत गेलं पाहिजे, लाल टोक अडलं पाहिजे. ‘लाल टोक आत शिरलं तर पीस बाजूला, मग बाकीची सगळी मापं कितीही बरोबर असोत,’ असे तुमचे शब्द आहेत.

कॅटेकिझमचा २३०९ वा परिच्छेद तुमच्या या गेजसारखाच वाचायचा असतो. आक्रमण करणाऱ्याकडून होणारं नुकसान टिकाऊ, गंभीर आणि नक्की असलं पाहिजे. ते थांबवायचे बाकी सगळे मार्ग बंद किंवा वाया गेलेले असले पाहिजेत. यश येईल अशी खरी आशा पाहिजे. आणि हत्यार उचलल्यामुळे होणारं वाटोळं ज्या वाइटाला थोपवायचंय त्याहून मोठं होता कामा नये. आजच्या हत्यारांची ताकद बघता ही अट फार जड आहे, असं तिथेच लिहिलंय. या चारही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. तीन बसल्या आणि चौथी नाही, तर पीस बाजूला. आणि कारण न्याय्य निघालं म्हणून पुढे काहीही केलेलं चालतं असंही नाही. अख्खी शहरं लोकांसकट बेचिराख करणं हा देवाविरुद्धचा आणि माणसाविरुद्धचा गुन्हा, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ सालीच म्हणून ठेवलंय. तुमच्या मालाच्या बाबतीत हे वाक्य जरा हळू वाचा.

‘पण हे ठरवणारा मी कोण?’ असं तुम्ही विचाराल. त्या परिच्छेदाच्या शेवटी हा निर्णय सार्वजनिक हिताची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्या तारतम्यावर सोपवलाय, म्हणजे सरकारवर. तपासणी खात्यातल्या सुपरवायझरवर नाही. इथे बहुतेक माणसं वही मिटतात. सिस्टरांनी एकदा माझ्या डब्याशेजारी परिच्छेदाच्या क्रमांकाऐवजी एक नाव लिहून ठेवलं होतं, ते मी विसरत नाही.

फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी. घरी बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. हिटलरच्या सैन्यात लढणार नाही असं त्याचं ठरलं, आणि ते कुण्या पुढाऱ्याचं ऐकून नव्हे, धर्मानंच तसं सांगितलंय असं त्याला वाटलं म्हणून. गावातल्यांनी समजावलं. तो बिशपांकडे गेला, तर त्यांनीही बायकोमुलींचा विचार कर, सरकारच्या कृत्यांची जबाबदारी तुझ्यासारख्यावर येत नाही, अशाच अर्थाचं सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये त्याच चर्चनं त्याला धन्यवादित पद, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, दिलं. लिंत्स शहरातल्या त्या सोहळ्याला नव्वदी ओलांडलेली फ्रान्झिस्का हजर होती.

मी हा दाखला तुम्ही हुतात्मा व्हावं म्हणून देत नाही. देव करो आणि तशी वेळ कुणावर न येवो. नोव्हाक आणि येगरश्टेटर, दोघांनीही धर्माधिकाऱ्यांचं ऐकलं नाही. एकाला त्याची काही किंमत मोजावी लागली नाही. दुसऱ्याची मान गेली. किंमत मोजली म्हणून माणूस बरोबर ठरतो असं नाही. इतिहास शिकवताना मी अट्टल मूर्खांनाही प्राण देताना पाहिलंय. पण स्वतःचा मतभेद तपासताना मला एक ठोकताळा उपयोगी पडलाय. माझं न पटणं माझ्या सोयीचं असेल, तर त्याची उलटतपासणी दुप्पट कडक करायची. गैरसोयीचं असेल, तर थोडी सैल चालेल. तुमचं फादरांशी न पटणं तुमच्या पगाराच्या सोयीचं आहे. हे हिणवायला लिहीत नाही. माझी कितीतरी मतं माझ्या पेन्शनच्या सोयीची आहेत.

आता ता. क.

मला वाटतं, बाकावरच्या दोघांनी वळून पाहिल्याचा घाव तुम्हाला एवढा बसला तो फादर संपूर्ण चूक होते म्हणून नाही. वडिलांच्या वेळी गोळा कुठे जातो हे सगळ्या घराला माहीत होतं. लढाई सीमेवर होती, रेडिओवर बातम्या होत्या, डबल ड्युटी करून आलेल्या माणसाला आई गरम पाणी काढून द्यायची. आज पेटी बंद होते, कंटेनर निघतो, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. ही तुमची चूक नाही. पण वडिलांचा अभिमान वारसाहक्कानं लावून घ्यायचा तर तेवढं माहीत असावं लागतं.

शस्त्रं बनवणं हेच पाप, असं तुमचं चर्च म्हणत नाही. २३१० व्या परिच्छेदात सैनिकांना देशाच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक म्हटलंय, आणि सैनिक काही रिकाम्या हातानं सीमेवर उभा राहत नाही. २३१६ मध्ये शस्त्रांच्या उत्पादनाचा आणि विक्रीचा परिणाम सगळ्या राष्ट्रांच्या हितावर होतो, म्हणून सरकारांनी त्यावर लगाम ठेवावा, असं आहे. आपल्याकडे तो लगाम कागदावर आहे: दारूगोळा देशाबाहेर पाठवायला संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते, आणि माल शेवटी कोण वापरणार याचं प्रमाणपत्र मागितलं जातं. इस्रायलला जाणाऱ्या शस्त्रांविरुद्धची याचिका सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. परराष्ट्र धोरणात आम्ही पडणार नाही, असं त्याचं सार. म्हणजे कायद्यानं तुम्ही निर्धास्त आहात. पण तुम्ही मला कायद्याचं विचारलेलं नाही.

दुसऱ्याच्या कृत्यात आपला हात किती, हे मोजायची कॅथलिक नीतिशास्त्राची जुनी पद्धत आहे आणि मला ती आवडते, कारण ती माणसाला सरसकट दोषी किंवा निर्दोष ठरवत नाही. त्या कृत्यामागचा हेतू तुम्हालाही मान्य आहे का? असेल तर हात पूर्ण. नसेल, तर तुमचं काम त्या कृत्याच्या किती जवळ आहे, तुमच्यावाचून ते अडेल का, ते करायला तुमच्याकडे कारण किती मोठं आहे, आणि तुमच्याकडे बघून इतरांचा काय समज होतो, हे बघायचं. आटे तपासणारा माणूस चाप ओढणाऱ्याच्या जवळ नाही. पण कँटीनमध्ये भाजी चिरणाऱ्याइतका लांबही नाही.

राजीनामा आज देऊ नका. प्रवचनाच्या रागात दिलेला राजीनामा फादरांना दिलेलं उत्तर ठरेल, स्वतःच्या प्रश्नाला नाही. आणि फादरांना उत्तर द्यायला महिन्याचा पगार हे फार महाग टपाल आहे. त्याऐवजी स्वतःला सहा महिने द्या, कॅलेंडरवर खूण करून. तेवढ्यात विचारा. माल कुठे जातो हे कदाचित गोपनीय असेल, सांगणार नाहीत. पण ‘देशातली ऑर्डर आणि बाहेरची ऑर्डर वेगवेगळ्या लाइनवर आहे का, मला देशातल्या ऑर्डरवर ठेवता येईल का’, हे विचारायला गोपनीयतेची आडकाठी नाही. बदली मागणं हा गुन्हा नव्हे. तुमच्या हातातलं कौशल्य गेज, आटे, मापं यांचं आहे. ते ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सलाही लागतं आणि रेल्वेच्या सुट्या भागांनाही. बुटीबोरीत आणि हिंगण्यात तपासणीतल्या माणसाला काय पगार देतात, त्याची नुसती चौकशी करा. घराचा हप्ता, मुलीची फी आणि हाती येणारा आकडा एका कागदावर मांडा, बायकोसमोर. बायको या सगळ्यात तुमच्या पत्रात फक्त ‘मुलीला घेऊन जाते’ एवढीच आहे. तिला काय वाटतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलंय का?

सहा महिन्यांनी असंही होईल की तुम्ही तिथेच राहाल. देशाच्या संरक्षणाचं काम म्हणून, डोळे उघडे ठेवून. तेही मला मान्य आहे. बाहेर जाणाऱ्या मालाची माहिती मिळाली आणि लाल टोक आत शिरलं, तर मात्र काय करायचं ते तुम्हाला तुमच्या पंचवीस वर्षांच्या सवयीनंच कळेल. तिथे माझा सल्ला लागणार नाही.

फादरांकडे परत जायचंय. पण पोर्चमध्ये नाही. मिस्सेनंतरचा पोर्च हे भांडणाचं ठिकाण. पन्नास माणसं चपला-बूट शोधत कान देऊन उभी असतात आणि तिथे कुठलाच धर्मगुरू माघार घेऊ शकत नाही. कीर्तनकारबुवा असोत, भंतेजी असोत, मौलवी असोत, मला पत्रं लिहिणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगत आलेय: मंडपात हटकू नका, वेळ मागून घरी जा. आणि पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. तुमच्या चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या संहितेतल्या २१२ व्या कलमात, सामान्य भाविकाला आपल्या ज्ञानानुसार आपलं मत धर्मगुरूंपुढे मांडायचा हक्क दिलाय. कधी कधी ते कर्तव्यही ठरतं, असं म्हटलंय. श्रद्धा-नीतीला धक्का न लावता, धर्मगुरूंचा मान राखून आणि सगळ्यांचं हित बघून, अशी अट आहे. दारूगोळ्याच्या कारखान्याबद्दल त्या पॅरिशमध्ये तुमच्याइतकं ज्ञान कुणाला असणार?

जाताना भांडायला जाऊ नका, विचारायला जा. ‘फादर, २५८ वा परिच्छेद आपण दोघं मिळून वाचू या का?’ इथून सुरुवात करता येईल. तरुण माणूस आहे, बहुधा लेंटमध्ये मनापासून बोलून गेला असेल, आणि पोर्चमध्ये अचानक धरल्यावर गडबडून उद्धट झाला असेल. तसं नसेलही, काहींना अधिकार लवकर चढतो. पहिल्या पाच मिनिटांत कळेल. परिषदेच्या १९६५ च्याच दस्तऐवजात, ४३ व्या परिच्छेदात आहे की चर्चचा अधिकार फक्त आपल्याच मताच्या पाठीशी आहे, असा दावा कुणी करू नये. ते वाक्य फादरांना ऐकवायचा मोह होईल. ऐकवा, पण आधी मेहुण्यांना ऐकवून झालं असेल तरच. आणि मग फादरांना तुमची खरी गोष्ट सांगा, ता. क. मधली. प्रवचनात त्यांनी ज्याला नाव न घेता टोचलं, तो माणूस समोर बसून ‘माल कुठे जातो मला माहीत नाही आणि त्यानं झोप लागत नाही’ म्हणाला, की त्यांच्याही हातातलं प्रवचन खाली ठेवावं लागेल.

त्याआधीच्या रविवारी मिस्सेला जाऊन बसा. भेटीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. त्याच बाकावर बसा.

मुलीचं. ती बारा-चौदा वर्षांची असेल. म्हणजे बाबा नऊ आठवडे का येत नाहीत याची तिनं स्वतःची एक गोष्ट तयार केलेली असणार, आणि ती तुमच्या खऱ्या गोष्टीपेक्षा भयंकर असणार. तिला सगळं सांगा: कारखान्यात काय बनतं, आजोबांना त्याचा अभिमान का होता, तुम्हाला आता कशानं खटकतंय, फादर काय म्हणाले आणि त्यातलं काय तुम्हाला पटलं. ‘पटलं’ हा भाग वगळू नका. जमलं तर एखाद्या रविवारी दुपारी तिला सेवाग्रामला घेऊन जा, गाडीनं दीड-दोन तास. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात अहिंसेबद्दल लिहिताना गांधींचं आणि खान अब्दुल गफार खानांचं नाव घेतलंय, हे तिला तिथे बापूकुटीच्या अंगणात सांगा. शेजारच्या पवनारला विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता, तेव्हा समोर हिटलरविरुद्धचं युद्ध चालू होतं. ते बरोबर होतं का, हा प्रश्न तिला विचारा. माझ्या वर्गात या प्रश्नावर दरवर्षी तास संपायचा आणि घंटा कुणाला ऐकू यायची नाही.

दृढीकरणाची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. फादरांची वेळ त्याच्या निदान महिनाभर आधी मागा. शेवटच्या आठवड्यात त्यांना फुलं, बिशपांची गाडी आणि माइक यांतून डोकं वर काढता येत नाही. आणि भेटायला जाताना मेहुण्यांना सोबत नेऊ नका.